अंगाऱ्याचे ठिपके

आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. त्या दिवशीही मी मोखाड्याच्या शाळेत जाऊन सहामाहीचे पेपर तपासले. घाबरले नव्हते असं नाही, पण घाबरून करणार काय? डॉक्टरांनी नाशिकला मॅमोग्राफी करायला सांगितली.

निघायच्या सकाळी सासूबाई पोशेऱ्याहून आल्या आणि कमरेला खोचलेली पुडी सोडली. आत भगताने दिलेला अंगारा. पुडी अर्धी संपलेली होती. माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण बसची वेळ झालेली, वाद कोण घालणार? त्यांनी गाठीवर, काखेत चांगला चोळला.

नाशिकला मशीनवरच्या बाईने विचारलं, "पावडर, सेंट काही लावलंय?" नाही म्हणाले. राखेला पावडर कोण म्हणतं? कमरेपर्यंतचे कपडे काढून गाऊन घातला. तिने स्तन थंडगार पट्टीवर ठेवला, वरून दुसरी पट्टी दाबत आणली. भाकरी थापावी तसा चपटा केला. दुखतं, उगाच खोटं कशाला सांगू? पण श्वास रोखून धरावा तेवढ्यात संपतं. एक फोटो वरून, एक तिरका, मग दुसऱ्या बाजूचे.

फोटो बघून ती थांबली. बारीक पांढरे ठिपके दिसत होते. "कॅन्सरचे आहेत का?" मी विचारलं. तिने माझ्या काखेतून बोट फिरवलं, राखाडी झालेलं बोट मला दाखवलं. "ताई, हे धुऊन या आधी."

धुतलं. परत दाबून घेतलं. ठिपके गेले, गाठ राहिली. सोनोग्राफीत कळलं, नुसती पाण्याची गाठ आहे, काळजीचं काही नाही. परतीच्या बसमध्ये मी खुशाल रडून घेतलं.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. वाटलं, आता अंगाऱ्याचा गुण आला म्हणतील. पण त्या नागली निवडता निवडता विचारत राहिल्या. मशीनवर बाईच असते का? लुगडं सगळं सोडाया लागतं का? लय दुखतं का?

"तुम्हाला कशाला एवढी चौकशी?" मी वैतागून म्हणाले.

त्यांनी पदर बाजूला सारला. उजव्या स्तनावरची कातडी आत ओढली गेली होती आणि तिच्यावर तोच अंगारा होता.

"होळीपासून लावतंय," त्या म्हणाल्या.

"उद्या सकाळच्या गाडीने निघायचं," मी म्हणाले. मग न्हाणीत गरम पाणी काढलं आणि ती राख माझ्या हाताने धुतली.