आमचा पत्ता द्या की, वहिनी

कॅनडातल्या मिसिसागात आमच्या इमारतीसमोरच शाळा होती. सातव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून तिचं मैदान दिसायचं. पण माझी मुलगी त्या शाळेत जात नव्हती. स्कूल बोर्डाने शाळांच्या हद्दी आखताना रेघ नेमकी रस्त्याच्या मधून ओढली होती. पलीकडे बंगलेवजा घरं, त्या मुलांना ही शाळा. अलीकडे आमच्या भाड्याच्या इमारती, आमच्या मुलांना पिवळ्या बसने लांबची शाळा.

मुलीला बस लागायची. पहिलीतली पोर, सकाळचं दूध पोटात टिकायचं नाही. तिच्या जाकिटाच्या खिशात मी ग्रोसरीची पिशवी घडी करून ठेवायचे, पण दरवेळी ती वेळेत निघायचीच असं नाही. मग दिवसभर कपड्यांना वास. वर्गात शेजारी कोणी बसत नाही, हे तिने मला न रडता सांगितलं, कॅनडात बर्फ पडतो हे सांगावं तसं. तेव्हापासून खिडकीतून ते मैदान दिसलं की माझं डोकं फिरायचं.

त्या हिवाळ्यात बोर्डाला जाग आली. समोरची शाळा अर्धी रिकामी होती, तेव्हा हद्द सरकवून आमच्या इमारतींतली मुलं तिथे घ्यावीत असा विचार निघाला. पालकांचं मत ऐकायला शाळेच्या जिममध्ये सभा ठेवली. नवरा मुलीजवळ थांबला, मी गेले.

पलीकडच्या घरांत आमच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ राहायचे. सॉफ्टवेअरवाले, गोड गळ्याचे. गणपतीत आरतीनंतर "परदेशात आपणच एकमेकांचे नातेवाईक" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कॅनडात आल्यावर त्यांचं पहिलं बिऱ्हाड आमच्याच इमारतीत होतं. घर घेऊन गेले तेव्हा जुना सोफा आम्हाला देऊन गेले. मला वाटलं, चला, आपल्या बाजूने बोलणारं एक माणूस तरी आहे.

ते माइकपाशी गेले आणि इंग्रजीत सुरू झाले. आम्ही घरं घेतली ती या शाळेचा परीक्षांतला स्कोअर बघून. अपार्टमेंटमधली मुलं ट्रान्झियंट असतात, म्हणजे आज इथे, उद्या तिथे. त्यांच्या घरी अभ्यासाचं वातावरण नसतं. आमच्या मुलांनी त्याची किंमत का मोजावी? हे म्हणणारे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी आमच्याच लिफ्टमधून गाद्या उतरवत होते! मागच्या रांगांतल्या गोऱ्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. जे त्यांना स्वतःच्या तोंडाने म्हणायची लाज वाटत होती ते आमच्या माणसाने फुकटात म्हणून दाखवलं होतं. टाळ्या ऐकून गृहस्थांचा चेहरा असा उजळला, जणू दुसऱ्यांदा सिटिझनशिप मिळाली असावी. परत येताना मी दिसले. जराही न चपापता त्यांनी मान लववून नमस्कार केला.

बोर्डाने हद्द होती तिथेच ठेवली.

पुढच्या रविवारी गृहस्थ बायकोसह आमच्याकडे हजर. हातात चिवड्याचा डबा. बसले ते स्वतःच्याच जुन्या सोफ्यावर.

"वहिनी, पर्सनली घेऊ नका हं," ते म्हणाले. "ते जनरल होतं. तुमच्यासाठी सोल्यूशन आहे ना! रजिस्टर करताना आमचा पत्ता द्या की. आमच्या बेसमेंटमध्ये राहता म्हणून सांगू. आपल्या माणसांची गोष्ट वेगळी."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला ते हवं होतं. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही. बस नको, पिशवी नको, रस्ता ओलांडला की वर्ग. तेवढ्यात त्यांनी माझ्या मुलीला जवळ ओढलं.

"बेटा, टीचरने विचारलं ना, व्हेअर डू यू लिव्ह, तर काय सांगायचं? अंकलच्या बेसमेंटमध्ये. ओके?"

"बट आय लिव्ह हिअर," ती म्हणाली.

मी उठले आणि त्यांच्यापुढचे कप उचलले. चहा अजून अर्धा शिल्लक होता. त्यांच्या बायकोला कळलं, ती लगेच उठली. त्यांना दार लावेपर्यंत कळलं नसावं.

गोऱ्या शेजाऱ्यांचा मला राग आला होता. या गृहस्थांचा राग आला नाही, किळस आली. चारचौघांत माझ्या पोरीला कचरा म्हणायचं आणि मागच्या दाराने तिला आत घ्यायला तयार व्हायचं, तेही उपकार म्हणून. मुलगी बसनेच जात राहिली, दोन वर्षं तरी ओकत राहिली. आमच्या घरात त्यावर पुन्हा बोलणं झालं नाही. सोफा मात्र मी त्याच आठवड्यात खाली कचऱ्यापाशी नेऊन ठेवला.

समोरची शाळा रिकामी होत गेली. पलीकडची मुलं मोठी झाली, घरांचे भाव असे चढले की लहान मुलं असलेल्यांना ती परवडेनात, आणि आमच्या मुलांना तर दार बंदच होतं. शेवटी बोर्डाने शाळाच बंद केली. उरलेल्या मुलांना आमच्या शाळेत पाठवायचं ठरलं. पिवळ्या बसने.

ऑगस्टअखेरीस गृहस्थांचा फोन आला. सभेच्या वेळी रांगणारा त्यांचा धाकटा आता पहिलीत जाणार होता.

"वहिनी, त्याला बस लागते हो. तुमच्या मुलीला सांगाल का, जरा बघ म्हणून?"

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. बसमध्ये लहानांवर लक्ष ठेवायचं काम तिच्याकडे होतं, आणि तिच्या जाकिटाच्या खिशात पिशवी अजून असायची, आता दुसऱ्यांसाठी. मी फोनवर एवढंच म्हणाले, "ती बघेलच. तिला सांगावं लागत नाही."

तिने वर्षभर त्याला शेजारी बसवून घेतलं. तो कोणाचा मुलगा, त्याच्या बापाने काय केलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. आजही मंडळात ते गृहस्थ भेटले की मोठ्याने म्हणतात, "वहिनी, तुमच्या मुलीवरचे संस्कार बघा!"