भाऊजींचं बोलकं घर

ताईचे यजमान, आमचे भाऊजी, कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. कीबोर्डमधला चुरा झाडण्यात जन्म गेला आणि उतारवयात त्यांनी ठरवून टाकलं, की बोटांचा जमाना संपला. यापुढे माणूस बोलणार आणि यंत्र ऐकणार, असं ते गिऱ्हाइकांना, पाहुण्यांना, अगदी जुने कीबोर्ड उचलायला आलेल्या भंगारवाल्यालासुद्धा सांगायचे. घरातले दिवे, पंखे, फोन सगळं त्यांनी आवाजावर नेलं; सांगितलेलं ऐकणारी आणि उत्तर देणारी एक डबी बैठकीत आणून ठेवली. भिंतीवरची बटणं काढून तिथे गिलावा मारून घेतला. राहिली तर ताई बटणंच दाबेल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ताई म्हणायची, "माझ्याशी बोलायला तोंड दुखतं, त्या डबीशी मात्र दिवसभर गुलुगुलु."

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, जीभ मात्र जड झाली. बोलायचा सराव करून घेणाऱ्या बाईंनी ताईला बजावलं होतं, जसं येईल तसं बोलू द्या. एकदा बोलणं सोडलं तर परत येणं कठीण. ताईला त्यांचं सगळं कळायचं. उभा संसार तिने त्यांच्या अर्ध्या वाक्यांवरच केला होता.

पण भाऊजींना डबीनेच ऐकायला हवं होतं. खुर्चीत सरसावून बसायचे, श्वास घ्यायचे आणि दिवा लावायला सांगायचे. डबी गोड आवाजात माफी मागून म्हणायची, समजलं नाही. ते पुन्हा सांगायचे. तीही पुन्हा तेच, तितकंच गोड. एका संध्याकाळी मी तिथेच होते. अंधारत चाललं होतं, भाऊजींच्या कपाळावर घाम आला होता. ताईला बघवेना. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि दारातून स्वच्छ म्हणाली, "दिवा लाव."

दिवा लागला.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. दुरुस्तीपलीकडे गेलेलं यंत्र ते दुकानात गुपचूप बाजूला सारत, तसे स्वतःच खुर्चीत मागे सरले. त्यानंतर ते बोललेच नाहीत.

ताईने वायरमन बोलावला, भिंती फोडून बटणं बसवून घेतली, डबी माळ्यावर टाकली. आता ते बटण दाबतात. भूक लागली की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात.

"त्या डबीला समजत नव्हतं गं," ताई मला म्हणाली. "मला तर समजत होतं ना? मग माझ्याशी का नाही बोलत?"



परवा तिच्याकडे जेवायला गेले. भाजीत मीठ इतकं, की घास गिळवेना. मी काही म्हणणार तोच ताईने डोळ्यांनी मला गप्प केलं. पूर्वी मीठ जरा वर गेलं की भाऊजी ताट सरकवून तिचं, म्हणजे माझंही, माहेर काढायचे. ताई हात आवरून त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती.

भाऊजींनी सगळी भाजी संपवली, वर पेलाभर पाणी घेतलं आणि ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं.