खिडकीवरची चिठ्ठी

रुग्णालयात काय नि गल्लीत काय, तिला सगळे सिस्टरच म्हणत. परदेशातल्या नोकरीसाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत ती तीनदा आपटली होती. आता एकेका विषयाचे शब्द एकेका चिठ्ठीवर लिहून तिने घरभर चिकटवले होते. ओट्यावर स्वयंपाकाचे, कपाटावर आजारांचे आणि बाबांच्या खाटेलगतच्या खिडकीवर प्रवासाचे.

अंथरुणाला खिळलेले बाबा रोज तिची उजळणी घेत. ती अडखळली की खेकसत, "डोकं कुठे गहाण ठेवलंयस?"

खिडकीवरची चिठ्ठी मात्र टिकेचना. मेल्या वाऱ्याच्या नावाने बोटं मोडत तिने ती तीनदा नव्याने लिहिली.

आज बाबांना कुशीवर वळवून ती चादर बदलत होती, तेव्हा गादीखाली पहिलीसकट चारही चिठ्ठ्या निघाल्या, नीट घडी घातलेल्या. बाबांचं तोंड भिंतीकडे होतं.

"काय गं, थांबलीस का?"

"काही नाही, बाबा. सुरकुती होती."

तिने चिठ्ठ्या होत्या तिथेच सरकवल्या आणि चादरीचे कोपरे वॉर्डात खोचतात तसे गच्च खोचले. पाचवी चिठ्ठी तिने लिहिली नाही.