पडद्यावरची टेकडी

गावात सगळे त्यांना पडदेवाले म्हणत. फोटो स्टुडिओत माणसांच्या मागे टांगायचे पडदे रंगवण्यात त्यांची हयात गेली. मोबाइल आले, स्टुडिओ बसले आणि त्यांच्यापाशी एकच पडदा उरला. त्यावर गावामागची टेकडी होती. खरी टेकडी दगडखाणीने केव्हाच खाल्ली, आणि पायथ्याची घरंही तिच्याबरोबर गेली. त्यांतच त्यांचं जन्मघर होतं.

एकदा शहरातून एक तरुण चित्रकार बाई आली. नाहीशा झालेल्या जागांवर ती काम करत असे.

"काका, टेकडी होती तिथेच हा पडदा ताणू या. त्याचा फोटो मी प्रदर्शनात लावीन."

पडदेवाले तयार नव्हते. पण गोष्ट थोरल्या बहिणीच्या कानावर गेली आणि ती हट्टाला पेटली.

"मरायच्या आधी घर एकदा बघू दे. पडदा काय वर घेऊन जाणार आहेस?"

खाणीच्या काठावर दोन बांबूंना पडदा बांधला. माथा हुबेहूब, कडेची झाडंही तीच. ताई खुर्चीत पुढे सरकून बघत राहिली.

"आपलं घर कुठाय रे?"

पडदेवाल्यांनी पायथ्याकडे पाहिलं. तिथे नुसता करडा रंग होता. धंद्याची रीतच तशी. मधोमध गिऱ्हाईक उभं राहणार, तिथे कशाला जीव ओतायचा? करड्या रंगाचा हात मारायचा आणि मोकळं व्हायचं. पायथा नेमका तिथेच आला होता.

"तिथे माणसं उभी राहायची, ताई."

"म्हणजे लोकांसाठी आपलं घर पुसलंस?"

"आत्ता काढतो."

"नको काका," चित्रकार बाई घाईने म्हणाली. "ती रिकामी जागाच तर खरी आहे."

"तुझं घर नव्हतं ना ते, बाळ," ताई म्हणाली.

पडदेवाल्यांनी घरून रंग आणले, कुंचला भिजवला.

"दार डावीकडे होतं ना?"

"उजवीकडे. विहिरीच्या अंगाला."

"विहीर मागे होती, ताई."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

दोघं हमरीतुमरीवर आले. पण खात्री कुणालाच नव्हती. कुंचल्यावरचा रंग सुकत चालला.

"आजी, तुम्हीच उभ्या राहा ना मध्ये," चित्रकार बाई हळूच म्हणाली.

ताईने मान हलवली. "नको गं. घर झाकलं जाईल."

फोटो मोकळ्या पडद्याचाच निघाला.