दोन इटालियन गाड्या आणि एक नवरदेव

माझ्या साडूने इटालियन मोटार घेतली आणि मला आम्लपित्त सुरू झालं.

साडू म्हणजे धुळ्याचा शरद, बांधकामाचा कंत्राटदार. कुठल्याशा संस्थानिकाच्या वारसाकडून त्याने थेट इटलीत बनलेली जुनी फियाट मिळवली. दोनच दारं, मरून रंग, आत तांबड्या चामड्याच्या सीटा. मी म्हणालो, "रंग जरा भडकच आहे." (बायकोने माझ्याकडे नुसतं पाहिलं. तिला सगळं कळतं.)

झोप उडाली! शेवटी जळगावातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या मागे लागून मीही त्यांची इटालियन गाडी पदरात पाडून घेतली. माझी राखाडी, चार दारांची, मागून चांगली गुबगुबीत. मग दर सणाला धरणगावला, सासुरवाडीच्या अंगणात, आमचा सामना रंगायचा. तो चामड्याबद्दल बोलला की मी डिकीबद्दल बोलायचो.

अशातच मेव्हण्याचं लग्न ठरलं, तेही धरणगावलाच, नवऱ्याच्या दारी. नवरदेव कोणाच्या गाडीत मिरवणार? माझ्या दृष्टीने त्या लग्नात दुसरा प्रश्नच नव्हता. निवाडा सासऱ्यांकडे गेला. आबांनी उभ्या जन्मात मोटार घेतली नव्हती, पण बैल मात्र ढीगभर पारखले होते. बाजारात फिरावं तसे ते दोन्ही गाड्यांभोवती फिरले, टपावर थाप मारली, चाकाशी वाकले आणि विचारलं, "वझं कितलं लेस?"

शरद दचकला. गाडी नाजूक आहे, तिच्यावर कधी ओझं घातलेलं नाही, म्हणाला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या! मी डिकी उघडली, मागची सीट काढून दाखवली आणि आबांना सांगितलं की कापसाची पोती भरा, शेताच्या चाकोरीतून न्या, ही हूं की चूं करणार नाही. वर शरदकडे बघून मिशीवरून हात फिरवला. (मिशी तेव्हा नवीन होती.)

आबांनी मान डोलावली. "जावईबापू, तुमनी गाडी कामनी शे."

मी छाती फुगवली.

"भरीतना वांगा तुमनी गाडीम्हा येतीन. शरदराव, तुमनी गाडीले हार बांधा."

कामाचा बैल गाडीला, देखणा मिरवणुकीला. आबांचं गणित साधं होतं आणि ते मीच त्यांना सोडवून दिलं होतं!

लग्नाच्या दिवशी शेतातून टपापर्यंत वांगी भरून निघालो, तर चौकात मिरवणूक आडवी आली. झेंडूत बुडालेली मरून गाडी, आत नवरदेव, स्टिअरिंगवर टोपी घातलेला शरद आणि नवरदेवामागे, तांबड्या चामड्यावर रेलून, करवली. करवली म्हणजे नवरदेवाची बहीण, अर्थात माझी बायको.

तिने काच खाली केली. मला वाटलं, आता तरी दोन शब्द गोड बोलेल.

"अहो, सावकाश चालवा," ती म्हणाली. "वांगी चेपतील."

मी सावकाश चालवली.