रॉकेटच्या शेपटीतलं प्लॅस्टर

अकरा वर्षं हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, शाळेतल्या सहकाऱ्यांना नाही, आमच्या रॉकेटवाल्या मंडळींना तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतो — पण जरा आडवळणाने सांगेन. सरळ सांगता आलं असतं तर अकरा वर्षं लागली असती का?

आधी आनंदाचं सांगू द्या. गडब गावाजवळ, भातकापणी झालेल्या मोकळ्या शेतात, आम्ही माझ्या उंचीचं रॉकेट उडवलंय. दिवाळीतला बाण नव्हे हो! रीतसर परवानग्या काढून, लोकांना लांब उभं करून. बटण दाबलं की क्षणभर काहीच होत नाही, आणि मग जो आवाज येतो तो थेट छातीत बसतो. आज नुसतं आठवलं तरी अंगावर काटा येतो.

मी पेणचा. घरात गणपतींचा कारखाना, आणि नोकरी रोह्याच्या एका शाळेत, भौतिकशास्त्राच्या मास्तराची. रॉकेटची नळी, नाक, पंख हे सगळं माझ्याकडे होतं. मोटर होती वैशालीताईंकडे. त्या रोह्यातच एका कंपनीच्या प्रयोगशाळेत होत्या. शिफ्ट संपवून यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि ॲल्युमिनियमच्या कवचात इंधनाच्या तयार कांड्या एकेक करून बसवायच्या. कांडीला मधोमध आरपार भोक असतं. आग आतून बाहेर पसरत जाते, वायू खालच्या अरुंद तोंडातून सुसाट सुटतो. तो जितक्या जोराने खाली, तितक्याच जोराने रॉकेट वर. तत्त्व एवढंच. पण आतलं एक रबरी कडं तिरकं बसलं तरी वायू भलतीकडूनच वाट काढतो, म्हणून ताई प्रत्येक कड्यावरून तीन-तीनदा बोट फिरवायच्या. त्यांनी एकाच दुपारी दोन मोटरी जुळवल्या — एक उडवायला, एक राखीव.

आता माझं. रॉकेट सरळ जायचं तर त्याच्या वजनाचा मध्य नाकाकडे हवा, आणि हवेचा दाब जिथे एकवटतो ती जागा त्याच्या मागे. हे उलटं झालं की हवा रॉकेटला सावरत नाही, उलथवते. मला हे पाठ होतं. रॉकेट दोरीला टांगून मी तोल काढला होता, पेन्सिलीने खूणही केली होती. सगळं बरोबर होतं.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी ते कारखान्यात मूर्तींच्या रांगेत उभं केलं, आणि वाऱ्याची झुळूक आली तसं डुगडुगलं. झालं! माझ्यातला मास्तर झोपला आणि मूर्तिकार जागा झाला. आमच्याकडे मूर्तीची बैठक जड लागते, नाहीतर टेम्पोत पहिल्याच खड्ड्याला बाप्पा आडवे. मी विचार केलाच नाही, हात आपसूक चालला. शेपटीत, मोटरच्या नळीभोवती, दोन मुठी प्लॅस्टर कालवून भरलं. काय ठाम उभं राहिलं म्हणता! पुन्हा टांगून तोललं का? नाही. कुणाला सांगितलं? त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं.

सकाळी गडबची निम्मी माणसं बांधावर हजर होती. रॉकेट सुटलं, दोन माडांइतकं वर गेलं आणि फिरलं — गिरक्या घेत, शेपूट आपटत, पेंढ्याच्या उडवीत जाऊन घुसलं. कुणाला लागलं नाही. शेताचे मालक कमरेवर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, ह्ये रॉकेट नाय, भुईचक्कर हाय!" सगळं शेत हसलं.

मला त्याच क्षणी कळलं होतं. पहिल्या गिरकीलाच. पण शेजारी वैशालीताई हळूच पुटपुटल्या, "माझंच काय तरी चुकलं असंल." नुसती शंका होती ती. ती पुसायला माझं एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय बोललो? "मोटर एका अंगाने जळली." सगळ्यांदेखत, फळ्यासमोरच्या आवाजात.

इथे थांबलो असतो तर भित्रा म्हणवून घेतलं असतं. पण मोडकं रॉकेट मीच हौसेने पेणला नेलं, प्लॅस्टर फोडून काढलं आणि तुटक्या साच्यांच्या ढिगात फेकून दिलं. याला काय म्हणायचं? मला ठाऊक आहे काय म्हणायचं ते.

महिन्याने नवं रॉकेट तयार झालं — प्लॅस्टरशिवाय, अर्थात. राखीव मोटरीला ताईंनी हात लावला नाही. "तुमीच बघा सर. माझ्या हाताचा आता भरवसा नाय." मी ती ताब्यात घेतली, आणि चार दिवसांनी सांगितलं — उघडून पाहिली, एक कडं तिरकं होतं, नीट बसवलं. सगळे 'वा सर' म्हणाले. खरं सांगू? मी ती उघडलीच नव्हती. एक स्क्रूसुद्धा फिरवला नव्हता.

आणि ते उड्डाण! रेघ मारावी तसं सरळ गेलं. मोटर विझल्यावरही वेगाच्या जोरावर चढतच राहिलं, ठिपका झालं, दिसेनासं झालं. सातशे मीटर. मग लाल छत्री उघडली आणि बांधावरची माणसं अशी ओरडली, की बगळ्यांचा थवाच्या थवा उठला. मला खांद्यावर घेतलं त्यांनी. मी नाचलो, पोटभर हसलो. वैशालीताई खाली उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या — माझ्यासाठी.

त्यानंतर त्यांनी मोटर कधीच जुळवली नाही. आमच्या रॉकेट मंडळात यायच्या, चहा करायच्या, याद्या लिहायच्या. मी मात्र ठिकठिकाणी जाऊन 'मोटर कशी जुळवावी' हे शिकवत फिरलो.

गेल्या आठवड्यात मंडळाच्या पुस्तिकेचा कच्चा मजकूर तपासायला आला. त्या उड्डाणाच्या फोटोखाली 'मोटर' या शब्दापुढे माझं नाव होतं. मी पेन उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, आणि शेवटी नाव खोडून रोह्याची एसटी पकडली.

ताई पडवीत वाल सोलत होत्या. मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं — प्लॅस्टर, साच्यांचा ढीग, कड्याची थाप. त्यांचे हात थांबले. हातातला वाल त्यांनी सुपात टाकला.

"म्हंजे दुसरी तुमी उघडलीच नाय?"

"नाही."

"जशीच्या तशी लावली?"

"जशीच्या तशी."

वैशालीताई उठल्या. सूप कलंडलं, वाल पडवीभर सांडले. त्यांनी दोन्ही मुठी वर केल्या आणि घराकडे तोंड करून खणखणीत आवाजात हाक मारली, "अगो सूनबाई, हिकडं ये गो! माझी मोटर सातशे मीटर गेली व्हती!"

माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. पाहायचं काही कारण नव्हतं.