दिलीपच्या आईचं एक वाक्य

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मुलुंडला भाजी घेत होतो. "भावजी, हे गेले," त्या म्हणाल्या, आणि मी "बरं" म्हणालो. दीड महिना झाला, त्या "बरं"ची अजून चीड येते. पण दिलीपच्या, माझ्या या जुन्या मित्राच्या बाबतीत माझं तोंड नेहमी चुकीच्या वेळीच चाललं...

दिलीपची आई चित्रपटांच्या डबिंगमध्ये गर्दीचे आवाज द्यायची. बाजारातली बाई, लग्नातली बाई, विहिरीवरची बाई. नाव कधी पडद्यावर आलं नाही. दिलीप कॉलेजात असताना ती गेली आणि घरात तिचा आवाज कुठेच उरला नाही. एका जुन्या चित्रपटात मात्र तिला एक अख्खं वाक्य होतं: "अगं, दिवा आण गं बाहेर!" तेवढं आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं, हा दिलीपचा ध्यास. पुष्कळ वर्षं शोधल्यावर मला मुलुंडच्या एका लायब्ररीत त्या चित्रपटाची डिस्क सापडली. संध्याकाळी परत करायच्या बोलीवर ती घेऊन एका रविवारी मी त्याच्या नाहूरच्या घरी पोचलो.

डिस्क ओरखड्यांनी भरलेली. कॉपी करायला गेलं की ड्राइव्ह घरघरायचा आणि सगळंच अडकायचं. दिलीपने ती बनियनने पुसली, टूथपेस्ट लावून पुसली, मग शिव्या घातल्या. शेवटी ठरलं, चित्रपट सरळ चालू ठेवायचा आणि त्याच वेळी आवाज रेकॉर्ड करायचा. सेटिंगचं काम माझ्याकडे, कारण मी ऑफिसात कॉम्प्युटरवाला. आवाज कॉम्प्युटरच्या आतून घ्यायचा की माइकवरून, एवढंच तिथे निवडायचं होतं. मी न बघताच ओके केलं. दृश्य संपल्यावर हेडफोन लावून तपासायचंही मीच कबूल केलं होतं. पण पडद्यावरची रेघ वरखाली होताना दिसली तेवढ्यावर म्हणालो, "झकास आलंय यार!" आणि डिस्क परत करायला पळालो. मला घरी जायची घाई होती, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. "नित्या, नुसता गोंगाट आलाय रे."

माइक... माझ्या लगेच लक्षात आलं. तरी म्हणालो, "तुझं साउंड कार्डच फालतू आहे. बदल ते."

त्याने बदललं. आम्ही लायब्ररीत पुन्हा गेलो तर मधल्या काळात कुणाच्या तरी हातून डिस्क मधोमध तडकली होती. दुसरी कुठे मिळाली नाही. पुढे कितीदा वाटलं, सांगून टाकावं. दरवेळी चहा यायचा, दुसरा विषय निघायचा, आणि मी सुटल्यासारखा घरी यायचो.

गेल्या आठवड्यात वहिनींनी त्याच्या कॉम्प्युटरमधले फोटो काढून द्यायला बोलावलं. डेस्कटॉपवर एकच आवाजाची फाईल होती, नाव "आई". "ती पुसू नका हं," वहिनी म्हणाल्या, "दर रविवारी ऐकत बसायचे." मी हेडफोन लावला. आधी पंख्याचा आवाज, कुकरची शिट्टी. मग दिलीप, अगदी जवळून: "गप रे नित्या, आई येतेय आता." त्यावर माझा खणखणीत आवाज, "अरे, आमच्या सोसायटीच्या गच्चीचं तर सांगायचंच राहिलं..." आणि त्याखाली, दुरून, एका बाईचं "...गं बाहेर!"

एवढंच. मी पुन्हा लावलं. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. साउंड कार्ड कितीही फालतू असलं, तरी त्यात माझी गच्ची कशी येईल? त्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. तरी तो दुकानात जाऊन नवं कार्ड घेऊन आला, आणि मला एका शब्दाने विचारलं नाही. एकदा शिवी घातली असतीस तर बरं झालं असतं रे...

ती फाईल आता माझ्याकडे आहे. रोज लावतो. "गप रे नित्या" आलं की श्वास रोखून बसतो, वाटतं आज तरी मी गप्प बसेन... आणि मी गच्चीचं सांगायला लागतो.